प्रश्न तुमचे : घरातला टॅरँटुला

या वेळी टॅरँटुला या मोठ्या केसाळ कोळ्याबद्दलची पत्रं इतकी आली की मांजरं-पोपट-मासे बाजूला ठेवून अख्खं सदर त्यालाच द्यावं लागलं. बहुतेक पत्रं परदेशातल्या मराठी घरांतून आहेत. तिथे हा कोळी दुकानात रीतसर विकत मिळतो. घरात तो आणतात मुलं, आणि पत्र लिहितात आईवडील. पत्रं एकत्र वाचल्यावर जाणवलं, की दुर्लक्षामुळे कोळी गेल्याची तक्रार जवळजवळ नाही. ज्यांचं बिघडलं, त्यांचं अति काळजीनेच बिघडलं.

प्रश्न : मुलाने मोठी चिलियन रोझ (टॅरँटुलाची एक जात) आणली आहे. अडीच महिने तिने काही खाल्लेलं नाही. आम्ही एक दिवसाआड ताजा रातकिडा सोडतो, ती ढुंकूनही बघत नाही. डॉक्टरकडे न्यावं का? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

आधी तो रातकिडा बाहेर काढा. उत्तराचा बाकी भाग नंतर वाचला तरी चालेल.

चिलियन रोझ उपासासाठीच प्रसिद्ध आहे. प्रौढ मादी न खाता चार-सहा महिने सहज काढते आणि वर्षावर लांबलेले उपासही या छंदातल्या लोकांना नवे नाहीत. तिचं शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही, दिवसचे दिवस ती हलतही नाही. खर्चच नाही, तर भूक कुठून लागणार? म्हणून दिवस मोजू नका, पोट बघा. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात. पुढचा, ज्यातून पाय फुटतात, तो ढालीसारखा टणक असतो आणि दोन कातींच्या मधल्या काळात वाढत नाही. मागचं पोट मात्र ताणतं आणि आटतं. पोट पुढच्या भागाएवढं किंवा त्याच्या दीडपट असेल, तर उपास खुशाल चालू द्या. दुपटीच्या वर गेलं असेल, तर तिला आजवर जास्त खायला घातलंय आणि तिने तोंड मिटलं हे बरंच झालं. पोट पुढच्या भागाहून लहान, सुरकुतलेलं दिसलं तरच काळजी करा. तेव्हाही आधी पाणी, मग अन्न.

दुसरी शक्यता कात टाकण्याची. पोटावर मागच्या बाजूला केस झडून टक्कल पडलं असेल तर त्याचा रंग पाहा. एरवी ते फिकट, त्वचेच्या रंगाचं असतं. कात जवळ आली की खालचे नवे केस दिसू लागतात आणि टक्कल काळंभोर, चकचकीत होतं. अंगाचा रंग मळतो, हालचाल मंदावते, काही जण बिळाचं तोंड मातीने आणि जाळ्याने बंद करून घेतात. अशा वेळी पेटीत जिवंत रातकिडा असणं धोक्याचं, कारण कात टाकताना कोळी उताणा आणि मऊ असतो आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडून मारू शकतो. कुठलंही भक्ष्य चोवीस तासांत खाल्लं नाही तर उचलायचं, हा नियम याचसाठी.

दोन आठवड्यांतून एकदा एक रातकिडा दाखवा, नको असेल तर काढा. पाण्याची वाटी भरलेली ठेवा. पाणी असूनही पोट आटत चाललं, पाय पोटाखाली मुडपू लागले किंवा तोंडाला दुर्गंधी आली, तर वेगळे प्राणी पाहणारा डॉक्टर गाठा.

प्रश्न : आमचं घर पूर्ण शाकाहारी. मुलीने मेक्सिकन रेडनी जातीच्या टॅरँटुलाचं दोन सेंटिमीटरचं पिल्लू आणलं आहे. जिवंत किडे न घालता याला वाढवता येईल का? किती, कधी घालायचं? (लेस्टर)

किड्यांशिवाय नाही. पनीर, भिजवलेली डाळ, उकडलेलं अंडं, काहीही चालणार नाही. टॅरँटुला घास चावून गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस सोडतो, सुळ्यांनी चुरडत राहतो आणि विरघळलेलं शोषून घेतो. उरते ती चोथ्याची काळपट गोळी.

पण किडा जिवंतच हवा असं नाही, आणि तुमच्या घराला इथे वाट आहे. पिल्लं मेलेलं अन्न आनंदाने खातात. गोठवलेले रातकिडे दुकानात मिळतात. एक घ्या, कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, टिपून कोरडा करा आणि त्याची मागची जाड तंगडी किंवा अर्धं धड बिळाच्या तोंडाशी ठेवा. दुसऱ्या दिवशी उरलेलं उचला. मोठा झाल्यावर कोळ्याला हालचाल लागते. मेलेलं भक्ष्य लांब चिमट्यात धरून त्याच्यासमोर हळूच ओढलं की बहुतेक वेळा तो झडप घालतो. चिमट्याची टोकं रबराची हवीत, धातूवर सुळा आपटून मोडू शकतो.

प्रमाण असं ठेवा : पिल्लाला तीन-चार दिवसांनी, अर्धवट वाढलेल्याला पाच-सात दिवसांनी, प्रौढाला दहा-चौदा दिवसांनी एक. जिवंत भक्ष्य कोळ्याच्या पोटाहून मोठं नको. मेलेलं थोडं मोठं चालतं. मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी) जिवंत घालायचा झाला तर त्याचं डोकं आधी चिमट्याने चेपा, नाहीतर तो मातीत शिरतो, तिथे भुंगेरा होतो आणि महिन्याने अनपेक्षित जागी उगवतो. मीलवर्म कोंड्यात किंवा ओट्समध्ये घालून डब्यात, फ्रिजमध्ये आठ-दहा अंशांवर महिनाभर राहतात. आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून गाजराची चकती द्यायची. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, श्रीखंडाच्या डब्याशेजारी असेल तर दोनदा लिहा. सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये मरतात. रातकिड्यांचा आवाज आणि वास नको असेल तर तुमच्याकडे मिळणारे छोटे टोळ सोयीचे.

ज्या किड्याने काही खाल्लेलं नाही, त्याच्यात कोळ्यासाठीही फारसं काही नसतं. म्हणून जिवंत किड्यांना आदल्या दिवशी गाजर, भोपळा, ओट्स खाऊ घाला. कॅल्शियमची पूड सरड्यांसाठी, इथे तिची गरज नाही. बागेतले, अंगणातले किडे कधीच नको, त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं. उंदराचं पिल्लू घालतानाचे व्हिडिओ मुलीने पाहिले असतील. ते कॅमेऱ्यासाठी असतात, कोळ्याला त्याची जरुरी नसते.

पाण्यासाठी पिल्लाला बाटलीचं छोटं झाकण पुरतं. तेही मावत नसेल तर डब्याच्या भिंतीवर दोन-तीन थेंब आणि मातीचा एक कोपरा ओला. अख्खा डबा ओला करायचा नाही.

प्रश्न : इथल्या थंडीमुळे काचपेटीखाली हीटमॅट (ऊब देणारी विजेची चटई) लावली आहे. रोज पाणी फवारतो. तरी रेडनी दिवसभर भिंतीला चिकटून वर बसते, रात्री मात्र मॅटच्या वरच्याच कोपऱ्यात जाते. म्हणजे ऊब आवडते ना? (टोरांटो)

भिंतीवर बसते ती ओल्या मातीला कंटाळून. मॅटवर जाते ती बाकी पेटी गार असल्यामुळे. दोन्ही तुम्हीच केलेलं आहे.

निसर्गात ऊन वरून येतं, त्यामुळे उष्णता वाढली की खाली खणायचं एवढंच या प्राण्याला ठाऊक. तुमच्या पेटीत खाली खणलं की आणखी तापतं. पोट खालून कोरडं पडत जातं आणि बाहेरून काही कळत नाही. खालची मॅट आजच काढा. घरात २० ते २६ अंश असतील तर वेगळी ऊब लागतच नाही. तुम्ही ज्या खोलीत अंगात स्वेटर न घालता बसता, ती खोली तिला पुरते. रात्री १८ च्या खाली जात असेल तर खोलीच गरम ठेवा. तेही जमत नसेल तर मॅट पेटीच्या बाहेरून एका उभ्या भिंतीला, मातीच्या पातळीच्या वर, जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग झाकेल अशी लावा आणि थर्मोस्टॅट २४-२५ वर ठेवा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका. उष्णतेचा दिवा तर नकोच.

फवारणी बंद. रेडनी, चिलियन रोझ, कर्ली हेअर या जातींना कोरडी माती आणि भरलेली वाटी एवढंच हवं. वाटी उथळ, दगडाची किंवा चिनीमातीची. तिच्यात स्पंज ठेवायचा नाही. दुकानदार देतात, पण त्यात फक्त जंतू वाढतात. टॅरँटुला वाटीत बुडत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातल्या, गोलियाथसारख्या जातींना ओल लागते. तिथेही फवारण्याऐवजी एका कोपऱ्यात पाणी ओता, म्हणजे खाली ओल राहते आणि वरचा थर कोरडा.

पेटीचा आकारही एकदा मोजून घ्या. पाय पसरल्यावर कोळी जेवढा भरतो त्याच्या तिप्पट लांबी, दुप्पट रुंदी. मातीपासून झाकणापर्यंतची उंची मात्र पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. माशांच्या टाक्या उंच असतात, म्हणून त्या माती टाकून भरून काढाव्या लागतात. कोकोपीट किंवा खत न घातलेली माती १०-१५ सेंटिमीटर, हाताने दाबून घट्ट केलेली, म्हणजे बीळ ढासळत नाही. लपायला कॉर्कच्या सालीचा तुकडा किंवा अर्धी गाडलेली कुंडी. झाकणाला तारेची बारीक जाळी असेल तर बदला. पायांच्या नख्या तिच्यात अडकतात आणि कोळी लटकून राहतो. भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बरी. झाडावर राहणाऱ्या जातींचं गणित उलटं, त्यांना उंची आणि उभी साल हवी.

प्रश्न : आज सकाळी कोळी उताणा पडलेला दिसला, पाय वर. मुलगा रडतोय. मेला का? सरळ करून पाहू का? (रीडिंग, इंग्लंड)

हात लावू नका. मेलेला टॅरँटुला सहसा उताणा नसतो. तो पायांवरच असतो, फक्त आठही पाय पोटाखाली मुडपलेले. कोळ्याच्या पायाचे मुख्य सांधे मिटायला स्नायू असतात, पण उघडायला नसतात. आतल्या रक्तद्रवाचा दाब वाढवून तो पाय लांब करतो. जीव गेला की दाब जातो आणि पाय मिटतात. तुमचा कात टाकतोय.

आदल्या रात्री त्याने पांढऱ्या जाळ्याची पातळ चटई विणली असेल, तिच्यावर तो पाठ टेकतो. तासाभराने किंवा बऱ्याच उशिरा पुढच्या ढालीच्या कडेने कात उसवते आणि ढाल उचलली जाते. मग पोटाच्या बाजूने फाटत जाते आणि तो एकेक पाय इंचाइंचाने, थांबत थांबत ओढून काढतो. सुळे, तोंडाच्या आतलं अस्तर, श्वासपटलांचं (पोटाखालच्या श्वास घेण्याच्या पडद्यांचं) अस्तर, सगळं त्या कातीबरोबर जातं. पिल्लांचं अर्ध्या तासात उरकतं, मोठ्यांना कित्येक तास लागतात. खोलीत अंधुक उजेड ठेवा, पेटी हलवू नका, टेबलावर काही आपटू नका. वाटीत पाणी असेल तर पुरे, मध्येच फवारू नका.

एखादा पाय अडकून राहिला तरी लगेच मदतीला धावू नका. बराच वेळ काही हललं नाही तर मऊ कुंचल्याने कातीच्या त्या जागी कोमट पाण्याचा थेंब लावा, ओढू मात्र नका. पाय गेलाच तर पुढच्या कातीला नवा, थोडा बारीक, येतो.

बाहेर पडल्यावर सुळे पांढरे असतात, मग तांबूस होतात, मग काळे. काळे होईपर्यंत खायला नाही : पिल्लाला चार-पाच दिवस, प्रौढाला दहा-चौदा दिवस. पाणी मात्र लगेच.

कात टाकून देऊ नका, नर की मादी ते तिच्यावरून कळतं. साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यात तासभर भिजवा, हातमोजे घालून टूथपिकने पोटाचा चुरगळलेला भाग आतली बाजू वर करून पसरा. चार पांढुरके ठिपके दिसतील, ती श्वासपटलं. वरच्या दोघांच्या मध्ये, आडव्या रेषेवर, उभी राहणारी छोटी पिशवी किंवा पदर असेल तर मादी. काहीच नसेल तर बहुधा नर. पिल्लांच्या कातीला सूक्ष्मदर्शक लागतो. मोठ्या नराला याची गरज नाही. शेवटच्या कातीनंतर त्याच्या तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं फुगतात आणि बऱ्याच जातींत पुढच्या पायांवर आकडे येतात. असा नर त्यानंतर काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं जगतो. त्याच जातीची मादी वीस वर्षंही जगते. मुलाला हे आत्ताच सांगा.

प्रश्न : पेटी साफ केल्यापासून दोन्ही हातांना भयंकर खाज. धाकटीने टाकलेली कात हातात घेतली होती, तिचा एक डोळा लाल आहे. (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

मुलीला आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आधी स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू देऊ नका. डॉक्टरला ‘टॅरँटुलाचे केस’ हे शब्द स्वतःहून सांगा, कारण साध्या तपासणीत ते दिसत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या स्लिट-लॅम्प या यंत्राखाली, जास्त मोठं करून पाहावं लागतं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये लीड्सच्या डॉक्टरांनी अशीच एक हकिकत छापली होती. चिलियन रोझची पेटी साफ करताना एकाच्या चेहऱ्यावर केस उडाले. डोळा लाल, पाणी गळतंय, उजेड सोसत नाही. आधी डोळे आल्याचं समजून औषधं दिली गेली. नंतर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलेले केस दिसले. ते इतके बारीक होते की चिमट्यानेही निघाले नाहीत, आणि स्टिरॉइडचे थेंब देऊन दाह आवरावा लागला.

अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरँटुलांच्या पोटावर हे काटेरी केस असतात. धोका वाटला की मागच्या पायांनी ते झाडून हवेत उडवतात. खाजकुइलीच्या शेंगेला हात लावलेल्यांना जास्त सांगायला नको. टाकलेल्या कातीवरही ते तसेच असतात आणि पेटीतल्या मातीत, जाळ्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला साचतात.

हातांवर चिकटपट्टी दाबून उचला, चार-पाच वेळा, दर वेळी नवी. मग थंड पाणी आणि साबण. खाजवू नका, केस आत जातात. पुरळ दोन-तीन दिवसांत बसलं नाही किंवा श्वास लागला, तर डॉक्टर. त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवा. पुढच्या वेळी नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद चष्मा. माती काढण्याआधी तिच्यावर थोडं पाणी शिंपडा म्हणजे केस उडत नाहीत. पेटी पूर्ण रिकामी करण्याची गरजही वर्षाकाठी एखाद्या वेळीच पडते. एरवी चोथ्याची गोळी आणि विष्ठा चिमट्याने उचलणं पुरे.

चावण्याबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. चिलियन रोझ, रेडनी यांचा चावा बहुतेकांना मधमाशीच्या डंखाइतका. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना खाजरे केस नसतात, त्या थेट चावतात. आपल्याकडच्या पोइसिलोथेरिया या टॅरँटुलांच्या चाव्याने स्नायूंत गोळे येतात आणि ते कित्येक दिवस येत राहतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : डिसेंबरात चार आठवडे पुण्याला जाणार. शेजारी कुत्रा सांभाळतील, पण कोळ्याच्या पेटीला हात लावायला तयार नाहीत. (डॅलस)

नको लावू दे. कुत्र्याची सोय लावलीत तिथेच कठीण भाग संपला.

प्रौढाला निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी शेवटचं खाणं द्या आणि एकही जिवंत किडा आत नाही हे बघा. निघण्याच्या आदल्या रात्री ‘जाताना जास्त’ म्हणून चार रातकिडे सोडणं ही सर्वांत वाईट कल्पना. नेहमीच्या वाटीशेजारी दुसरी, जरा खोल वाटी ठेवा, मातीचा एक कोपरा चांगला भिजवा. घराचा हीटर पूर्ण बंद न करता १८-१९ अंशांवर ठेवा. पेटी खिडकीपासून दूर, तिच्यावर दिवसात केव्हाही ऊन पडणार नाही अशी. झाकणाला कुलूप किंवा पट्टी. शेजाऱ्यांनी पंधरा दिवसांनी लांब नळीच्या बाटलीने झाकणाच्या भोकातून वाटीत पाणी घातलं तर उत्तम, नाही घातलं तरी निभावतं.

पिल्लू असेल तर मात्र कोणीतरी हवंच. छोट्या डब्यातली ओल आठवड्यात जाते.

प्रश्न : मित्राच्या हातातून पडला. पायाच्या सांध्यातून निळसर पाणी येतंय. (फिनिक्स)

ते रक्तच आहे. त्यात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून निळसर. पेटीत कोरडा टिश्यू अंथरून त्यावर ठेवा. कापसाच्या काडीने जखमेवर कॉर्नफ्लोअर दाबा. थांबलं नाही तर टूथपिकच्या टोकावर सुपरग्लूचा कण घेऊन फक्त तेवढ्याच जागी लावा. सांधा चिकटला तरी चालेल, पुढच्या कातीला सुटेल. पाय स्वतःच टाकून दिला तर घाबरू नका, तो त्याचा उपाय आहे. पोटाला छोटी चीर असेल तर हेच करून पाहा. पोट फुटलं असेल तर काही करता येत नाही. नंतर दोन आठवडे खाणं नाही, पाणी जवळ, अंधार.

हातावर घेण्याची हौस इथेच थांबवा. त्याला माणसाचा लळा लागत नाही आणि कमरेच्या उंचीवरून पडणंही जिवावर बेततं.

प्रश्न : पेटीत पांढरे बारीक ठिपके हलताना दिसतात. कीडनाशक मारू का? (ह्यूस्टन)

ते माइट (गोचिडासारखे सूक्ष्म जीव) असू शकतात, आणि माइट मारणारं औषध कोळ्यालाही मारतं. दोघं एकाच वर्गातले, आठ पायांचे.

आधी भिंग घेऊन बघा. लांबट आणि फुंकर मारली की उडी मारणारे असतील तर ते स्प्रिंगटेल नावाचे निरुपद्रवी किडे. ते बुरशी खातात, राहू द्या. गोल, संथ, चोथ्याच्या गोळीभोवती किंवा मेलेल्या किड्यावर दाटलेले असतील तर माइट. ते उष्ट्यावर जगतात आणि ओल फार झाल्याची खूण आहेत. उष्टं काढा, कोळी दुसऱ्या डब्यात टिश्यूवर ठेवा, सगळी माती फेका, पेटी गरम पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. कोळ्याच्या सांध्यांत किंवा तोंडाजवळ घट्ट चिकटून बसलेले असतील तर ते रक्त पिणारे. ते ओल्या कुंचल्याने एकेक उचलावे लागतात.

खरी भीती वेगळीच आहे. तोंडाभोवती पांढरा घट्ट चिकटा, कुजका वास, खाणं बंद असं दिसलं तर ते सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टॅरँटुलाला मारणाऱ्या अशा सूत्रकृमीची नवी जात नोंदवली, ती तोंडाच्या भागातच वाढते. यावर खात्रीचं औषध नाही. तो कोळी लगेच वेगळ्या खोलीत, त्याचा चिमटा, वाटी, कुंचला वेगळे, आणि त्याला हात लावायची पाळी सगळ्यांच्या शेवटी.

प्रश्न : आमच्याकडे नोंदणी केलेला कर्ली हेअर आहे. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार आहे. कपाटात ठेवला तर चालेल? (पुणे)

नाही, घरातून हलवा. निदान तीन-चार दिवस दुसऱ्या घरी, जिथे फवारणी झालेली नाही. फवारतात ती औषधं किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळ्याला त्यांचा अंशही पुरतो. पाय थरथरणं, झोकांड्या खात चालणं, जागच्या जागी गोल फिरणं ही विषबाधेची लक्षणं. तेव्हा कोळी स्वच्छ डब्यात, नव्या टिश्यूवर, पाण्याजवळ ठेवण्यापलीकडे फार काही हातात नसतं. त्याच खोलीत डासांची कॉइल, भिंतीतलं लिक्विड मशिन, झुरळांचा खडू, काही नको. कुत्र्याला गोचिडांचं औषध लावलेल्या हाताने पेटी उघडायची नाही.

प्रश्न : घराच्या मागच्या बांधात मोठ्या केसाळ कोळ्याचं बीळ आहे. पकडून पाळता येईल का? ऑनलाइनही विकायला दिसतात. (सावंतवाडी)

तिथेच राहू द्या. सह्याद्रीत किलोब्रॅकिस, थ्रिग्मोपिअस असे आपले टॅरँटुला आहेत. बिळातली मादी वर्षानुवर्षं त्याच जागी असते, ती उचलली की तिथली पैदास थांबते. शिवाय हे कोळी चपळ, तापट आणि केस उडवण्याऐवजी चावणारे. एखादा घरात शिरला तर तो बहुधा मादी शोधत फिरणारा नर असतो. रुंद बरणी वरून ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि जवळच्या झाडोऱ्यात सोडा.

ऑनलाइनचं म्हणाल तर ब्रॅकिपेल्मा (रेडनी यातलीच) आणि पोइसिलोथेरिया हे दोन्ही गट वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, पोइसिलोथेरिया २०१९ पासून. आंध्रच्या छोट्याशा जंगलपट्ट्यात उरलेला निळा कोळी याच गटातला. आपला सुधारित वन्यजीव कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, त्याच्या चौथ्या अनुसूचीत साइट्सचे प्राणी आहेत. ते जवळ असतील तर २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. कागदपत्रं दाखवू न शकणाऱ्या विक्रेत्याशी बोलणं तिथेच संपवा. २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम्सने पोलंडहून आलेल्या एका पार्सलमध्ये १०७ जिवंत कोळी पकडले, छोट्या कुप्यांत, फॉइल आणि कापसात गुंडाळलेले. इंटरनेटवरचा स्वस्त टॅरँटुला हा असा येतो.

प्रश्न : झाकण नीट लागलं नव्हतं. पेटी रिकामी! (एडिनबरा)

आधी मातीतच शोधा. ‘पळालेले’ कितीतरी कोळी बिळात असतात. खरंच नसेल तर खोलीचं दार बंद करून खालच्या फटीत टॉवेल कोंबा. मांजर बाहेर. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, गादी-सोफ्यावर बसू नका. जमिनीवर राहणारा कोळी भिंतीच्या कडेने जातो आणि पहिल्या अंधाऱ्या, अरुंद जागेत थांबतो : कपाटाखाली, पडद्याच्या घडीत, बुटात. झाडावरचा असेल तर वर बघा, पडद्याच्या दांडीमागे, छताच्या कोपऱ्यात. दिवसा सापडला नाही तर जमिनीवर पाण्याच्या दोन उथळ बशा ठेवा आणि रात्री दिवे मालवून दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन जा. दिसला की त्याच्या पुढ्यात पारदर्शक डबा आडवा धरा आणि मागून कुंचल्याने पोटाजवळ अलगद टोचा, तो स्वतःच आत चालत जाईल. वरून झाकायचा झाला तर डबा पायांच्या पसाऱ्याहून रुंद हवा, नाहीतर कडेखाली पाय चिरडतो.